हिऱ्यातली खोट आणि क्वांटम इंटरनेट

नमस्कार! हिरा घ्यायला गेलात की सराफ भिंग पुढे करून म्हणतो, बघा, कुठे खोट आहे का? नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत मात्र क्वांटम इंटरनेटसाठी, म्हणजे क्वांटम माहिती दूरवर पोचवणाऱ्या जाळ्यासाठी, खोट असलेलाच हिरा हवा असतो.

का, ते सांगतो. क्वांटम माहिती, म्हणजे सूक्ष्म कणांच्या अवस्थेत साठवलेली माहिती, एकेका फोटॉनवरून, प्रकाशाच्या कणावरून, जाते. तो नेणारी काचेची फायबर कितीही चांगली असो, ५० किलोमीटरवर दहातला एकच फोटॉन उरतो. १०० वर शंभरातला एक. ५०० किलोमीटरवर हजार कोटींतला एक! वाटेत अॅम्प्लिफायर लावावा, तर तो सिग्नलची नक्कल करूनच वाढवतो, आणि अनोळखी क्वांटम अवस्थेची नक्कल करताच येत नाही. हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय.

मग अंतराचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांत एंटँगलमेंट, म्हणजे दूर असूनही एकमेकांशी बांधलेलं क्वांटम नातं, जुळवायचं आणि नंतर तुकडे सांधायचे. पण एक तुकडा जुळला आणि शेजारचा अजून जुळायचा असेल, तर पहिल्याला कळ काढावी लागते. फोटॉनला ते जमत नाही. हिऱ्याला जमतं.

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची जाळी. तिथे एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, की त्या पोकळीतल्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये, म्हणजे छोट्या चुंबकासारख्या गुणधर्मात, माहिती ठेवता येते. लेझर टाकला की तोच दोष फोटॉन सोडतो, स्पिनशी जोडलेला. आणि आणखी सुंदर गोष्ट म्हणजे जवळच एखादा कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा किंचित जड अणू, असेल, तर त्याच्या अणुकेंद्रात ती माहिती जास्त वेळ जपता येते.

२०१५ मध्ये डेल्फ्टचे भौतिकशास्त्रज्ञ रोनाल्ड हॅन्सन यांच्या गटाने १.३ किलोमीटरवरचे दोन हिरे असे जोडले. २२० तासांत २४५ वेळा, म्हणजे जेमतेम तासाला एकदा! तरी ते चिकटून राहिले, आणि २०२४ मध्ये डेल्फ्ट आणि हेग ही दोन शहरं जमिनीखालच्या २५ किलोमीटर फायबरने जोडली. हिऱ्याचा लाल प्रकाश फायबरमध्ये लवकर विरतो, म्हणून त्याचं आधी इन्फ्रारेडमध्ये रूपांतर केलं.

त्याच वर्षी हार्वर्डमध्ये नायट्रोजनऐवजी सिलिकॉनचा दोष वापरला. दोन्ही हिरे हार्वर्डमध्येच, पण फोटॉन बॉस्टन परिसराला ३५ किलोमीटरचा वळसा घालून आले. तिथे एंटँगलमेंट सुमारे एक सेकंद टिकलं. तेवढ्या वेळात फायबरमधला प्रकाश दोन लाख किलोमीटर जातो.