पाण्यात उभं पीक सुकतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. शेतात पाणी तुंबलं की पिकं माना टाकतात. मुळाशी पाणीच पाणी, आणि वर पानं कोमेजलेली! असं का होतं?

वाफशावरच्या मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांत हवा खेळत असते. पाणी साचलं की ती निघून जाते. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो, आणि उरलासुरला मुळं आणि मातीतले जिवाणू मिळून लवकरच फस्त करतात.

इथून मुळांची ओढाताण सुरू होते. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूमागे पेशीला साधारण ३० एटीपी मिळतात. एटीपी म्हणजे पेशीचा रोखीचा पैसा. ऑक्सिजन नसेल तर हाती येतात फक्त दोन, आणि तेही ग्लुकोज फोडण्याच्या ग्लायकोलिसिस या पहिल्या टप्प्यातले. पुढच्या किण्वनातून, म्हणजे आंबून अल्कोहोल होण्यातून, एकही एटीपी मिळत नाही. मग रोपाचं मूळ अल्कोहोल बनवण्याच्या भानगडीत पडतं कशाला? तर ग्लायकोलिसिस चालू राहायला एनएडी नावाचा वाहक सतत मोकळा व्हावा लागतो. त्याने उचललेले इलेक्ट्रॉन एरवी शेवटी ऑक्सिजनकडे जातात. आता ते ग्लुकोजपासूनच बनलेल्या ॲसिटाल्डिहाइड या संयुगाच्या गळ्यात मारले जातात आणि त्याचं इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, होतं. कमाई तुटपुंजी आणि साखरेची मात्र उधळण. त्यात पेशीरस आम्लधर्मी होतो, पेशीपटलातली पाण्याची सूक्ष्म दारं मिटतात आणि मुळांचं पाणी ओढणं मंदावतं. म्हणून तर पानं सुकतात.

काही वनस्पती यावर तोड काढतात. मक्याच्या मुळात इथिलीन हा वनस्पतीतच तयार होणारा वायू साठला की मधल्या काही पेशी स्वतःहून मरतात. त्या पोकळीतून वरची हवा खाली पोचते.

पीक पुरतं बुडालं तर काय, याचं उत्तर मला जास्त विलक्षण वाटतं. ओडिशातल्या एका जुन्या भातात सब-१-ए हा जनुक असल्याचं २००६ मध्ये समजलं. इतर भातं पाण्याबाहेर डोकं काढायच्या धडपडीत साखर संपवून बसतात. हे भात वाढच थांबवतं, साखर राखून ठेवतं आणि दहा-पंधरा दिवस तग धरतं.

पाणी ओसरलं की सुटलो, असंही नाही. ऑक्सिजन एकदम परतल्याने पेशींत घातक ऑक्सिजन-संयुगं तयार होतात. साठलेल्या इथेनॉलचं पुन्हा विषारी ॲसिटाल्डिहाइड होतं. त्यामुळे पुरात टिकलेली काही रोपं शेत कोरडं झाल्यावर मरतात.