चादर दिली, पुढे काय?

मंडळी, थंडी पडली की आपल्याकडे चादरी वाटायचा उत्साह येतो. सोलापूरला चादरीची महती मी काय सांगणार! जरूर वाटा. पण स्टेशनबाहेर, एसटी स्टँडवर झोपणाऱ्याला इथल्या थंडीपेक्षा इथलं ऊन जास्त छळतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा त्याच्याकडे कोण बघतं? दुकानापुढे पाण्याचा माठ ठेवा, आणि दुपारी पायरीवर सावलीला टेकलेल्याला हुसकू नका. माठ ठेवणं सोपं आहे. न हुसकणं अवघड जातं.

जेवणाचं एवढंच सांगतो, आधी विचारा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस टिकते, म्हणून ती उत्तम शिदोरी. पण समोरच्या आजींना दातच नसतील तर त्यांना पातळ आमटी, मऊ भात लागतो. बायकांना पॅड, साबण, आतले कपडे लागतात. ते मागायला त्यांना लाज वाटते, म्हणून आपल्या बायकांनीच जाऊन विचारावं.

आता माझा खरा आग्रह. वस्तू देणारे पुष्कळ आहेत, सोबत जाणारं कुणी नाही. पायाला जखम झालेल्या माणसाला ‘सिव्हिलला जा’ म्हणून भागत नाही. केसपेपर कुठे काढायचा, कागद मागितला तर काय सांगायचं, या धास्तीनेच तो जात नाही. त्याच्याबरोबर रांगेत उभे राहा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांची गाठ घालून द्या. तुमची एक सकाळ जाईल, पण त्याचा पाय वाचू शकतो.

निवाऱ्याचंही तसंच. मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक, चोवीस तास उघडा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं. 2011 च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं. म्हणजे किती हवेत, हिशेब तुम्हीच करा आणि महापालिकेला विचारा: किती चालू आहेत? बायकांची, कुटुंबांची वेगळी सोय आहे का? नवरा-बायकोला वेगळं ठेवणार असाल, तर ती जोडपी फुटपाथच पत्करतात, आणि त्यात त्यांचं काय चुकतं? शिवाय 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात अजून आहे. त्यात भीक मागणाऱ्याला पकडून नेता येतं, म्हणून जवळ गाडी थांबली की ही माणसं पळतात ती त्या भीतीने. म्हणून आधी दोन-चार दिवस नुसतं बोला, मग निवाऱ्याचा विषय काढा.

आणि बोलताना आपल्या गावाची एक श्रीमंती वापरा. आपल्या गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू घरोघरी बोलतात. मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाडीतून इथे उतरून हरवलेला माणूस मराठीत गप्प राहतो. शेजारच्या पद्मशाली काकूंनी तेलुगूत विचारलं तर कदाचित गावाचं नाव सांगतो. तो मानसिक आजारी वाटत असेल, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 100 प्रमाणे त्याला संरक्षण देणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. ठाण्यात हे कलम नम्रपणे, पण ठामपणे सांगा. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानींनी रस्त्यावरच्या अशा कितीतरी रुग्णांना उपचार करून घरी पोचवलं. 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मात्र गाव कळलं म्हणून लगेच घरी फोन लावू नका. काही जण, विशेषतः बायका, घरातल्या मारहाणीमुळेच रस्त्यावर आलेल्या असतात. फोन करायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.