मीटरवर शून्य

(दृश्य: सुरतेजवळचं कवास. वसाहतीतलं स्वयंपाकघर, शेगडीवर चहा.)

कवासला एनटीपीसी या वीज कंपनीच्या वसाहतीत चहा उकळतोय. ज्योत नेहमीसारखी निळी, पण तिच्यात थोडा हायड्रोजनही जळतोय. तरंगत्या सौरप्रकल्पाच्या विजेवर पाण्यापासून बनवलेला हा हायड्रोजन जानेवारी 2023 मध्ये इथल्या पाइप गॅसमध्ये मिसळायला सुरुवात झाली. पहिली परवानगी 5 टक्क्यांची मिळाली, पुढे टप्प्याटप्प्याने 20 टक्क्यांपर्यंत जायचं ठरलं.

चहा करणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही. जाणवायला हवं ते लाइनवर गस्त घालणाऱ्या माणसाला. त्याच्या हातातल्या गळतीशोधक यंत्राची ही गोष्ट.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. मिथेन इन्फ्रारेड किरण शोषतो, म्हणून लेसरवाली यंत्रं त्याला लांबूनही पकडतात. हायड्रोजनच्या रेणूत दोन अगदी सारखे अणू असतात. तो हे किरण शोषत नाही. ज्योत पेटवून वायू ओळखणारं जुनं, नावाजलेलं यंत्र तर स्वतःच हायड्रोजनवर चालतं. गळलेला हायड्रोजन त्याला कसा कळावा? शुद्ध हायड्रोजनच्या गळतीसमोर ही दोन्ही यंत्रं शून्य दाखवतात, आणि शून्य बघून माणूस निर्धास्त पुढे जातो.

मला या शून्याची फार भीती वाटते. हातात यंत्रच नसेल तर माणूस निदान जपून पाऊल टाकतो.

(दृश्य: रस्त्याच्या कडेला पहारीने पाडलेलं बारीक छिद्र, त्यात जमिनीतला वायू ओढून तपासणारी यंत्राची नळी.)

मिश्रणाच्या लाइनवर मिथेनचं यंत्र अगदीच निकामी ठरत नाही. गळती झाली की दोन्ही वायू बरोबरच बाहेर पडतात, त्यामुळे जागा सापडते. चुकतो तो धोक्याचा अंदाज. हवेत मिथेन 5 टक्के झाला की पेट घेऊ शकतो, हायड्रोजन 4 टक्क्यांनाच. 20 टक्के हायड्रोजनचं मिश्रण हवेत साधारण पावणेपाच टक्के झालं की स्फोटाची खालची मर्यादा, म्हणजे एलईएल, गाठली जाते. त्या क्षणी फक्त मिथेन मोजणारं इन्फ्रारेड मीटर दाखवेल सुमारे 76 टक्के एलईएल. हवा पेटायच्या उंबरठ्यावर, आणि मीटर म्हणतंय अजून पाव हिस्सा बाकी आहे!

म्हणून यंत्र घेताना मी पहिला प्रश्न विचारेन: आत सेन्सर कोणता? किंमत नंतर.

कॅटॅलिटिक सेन्सर दोन्ही वायू जाळून मोजतो, एलईएलसाठी तो भरवशाचा. मात्र त्याला ऑक्सिजन लागतो. वायूने गच्च भरलेल्या छिद्रात तो खोटं कमी वाचन देऊ शकतो. सिलिकोनच्या वाफेने तर तो हळूहळू मरतो, आणि मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो. बारीक, पीपीएममधली (हवेच्या दहा लाख भागांत काही भाग) गळती शोधायची तर इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर चांगला. पण कार्बन मोनॉक्साइडलाही तो फसू शकतो, तेव्हा जवळ जनरेटर चालू असेल तर वाचन तपासून घ्यावं. आणि छिद्रातलं भरपूर प्रमाण टक्क्यांत मोजायला उष्णतावहनाचा सेन्सर, कारण हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे सातपट वेगाने उष्णता वाहून नेतो. एका सेन्सरवर सगळं भागवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट यंत्राच्या पाठीवरची पट्टी. मिथेन पेटायला सुमारे 0.3 मिलिज्यूलची ठिणगी लागते, हायड्रोजनला 0.02 पुरते. म्हणून शुद्ध हायड्रोजनजवळ न्यायच्या यंत्राच्या पट्टीवर गॅस ग्रुप, म्हणजे यंत्र कोणत्या वायूत सुरक्षित आहे तो वर्ग, 'टू-सी' लिहिलेला हवा. मिथेनपुरता 'टू-ए' तिथे चालत नाही. स्फोटक वातावरणात वापरायच्या साधनांना आपल्याकडे मंजुरी देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपूरला आहे. तिचं प्रमाणपत्र मागून घ्यावं, विक्रेत्याच्या शब्दावर राहू नये.

आणि पावसाळा! छिद्रात पाणी साचतं, यंत्राचा पंप ते ओढून घेतो. नळीच्या तोंडाशी पाणी अडवणारा फिल्टर नसेल, तर यंत्र जून-जुलैतच दुरुस्तीला जाईल.

(दृश्य: सकाळ. टेबलावर चाचणी वायूची छोटी नळकांडी.)

गस्तीला निघण्याआधी माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू यंत्राला हुंगवायचा, याला बम्प टेस्ट म्हणतात. एवढ्यासाठी नळकांडीत हायड्रोजनच हवा. मिथेनवर पास झालेलं यंत्र हायड्रोजन ओळखेलच असं नाही. नळी जोडली. आकडा हलला, चढला, थांबला. अलार्म वाजला, दिवा लुकलुकला. मग स्वच्छ हवेत पुन्हा शून्य.

आता हे शून्य वहीत लिहायला हरकत नाही. वेळ टाकली, सही केली, आणि गस्तीवाला लाइनवर निघाला.