गिटारच्या नेकचं फिनिश झिजलंय? पॉलिश पेपर मारायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. सांगलीतून तुमचं स्वागत. आज टेबलावर विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या पोराची गिटार आहे. स्ट्रॅट प्रकारची, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची इलेक्ट्रिक गिटार. नेक, म्हणजे हातात धरायचा लांब दांडा, मेपल लाकडाचा. त्याचं म्हणणं एवढंच, "दादा, वाजवताना हात अडकतो. नेक मागून खरखरीत लागतोय."

(कॅमेरा नेकच्या मागच्या बाजूला, अगदी जवळ)

हे बघा. नटपासून, म्हणजे वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिथपासून, पाचव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे पाचव्या आडव्या तारपट्टीपर्यंत, जिथं अंगठा टेकतो तिथलं फिनिश, म्हणजे लाकडावरचं पॉलिशचं आवरण, पार गेलंय. नख असं आडवं फिरवलं की कड लागते, ऐका... टक्. या कडेलाच हात अडकतो. आणि मधे हा राखाडी पट्टा दिसतोय ना, तो घाम आणि मळ उघड्या मेपलमध्ये मुरल्याचा आहे. शिसव मुळात तेलकट लाकूड, म्हणून शिसवी फिंगरबोर्ड, म्हणजे बोटं दाबतो ती नेकची पुढची पट्टी, बहुतेक वेळा फिनिशशिवायच ठेवतात आणि काही बिघडत नाही. मेपलचं तसं नाही. मेपल उघडं पडलं की घाम पितं, काळवंडतं, आणि पावसाळ्यात त्याचा दाणा, म्हणजे लाकडाचे तंतू, वर उठतो. म्हणून मेपलच्या नेकला काहीतरी आवरण लागतंच.

आता माझं स्पष्ट मत सांगतो. झीज दिसते म्हणून दुरुस्ती करू नका. वर्षानुवर्षं वाजवून गुळगुळीत झालेला नेक हाताला नव्यापेक्षा छान लागतो, तो तसाच राहू द्या. लाकूड राखाडी पडायला लागलं, खरखर आली किंवा कड हाताला टोचायला लागली, तरच हात घाला. आणि घालाल तेव्हा जेवढ्यास तेवढंच करा.

पहिलं काम, नेकवर आहे काय ते ओळखणं. इथं चुकलं की पुढचं सगळं फुकट. जुन्या अमेरिकन गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. फेंडर कंपनीनं 1968च्या सुमारास पॉलिएस्टर आणलं. गिब्सन अमेरिकेत बनवलेल्या गिटारला अजून नायट्रोच मारतं. आपल्याकडं दुकानात मिळणाऱ्या बहुतेक गिटारवर पॉली असतं, म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. फरक असा, की नायट्रोवर नवीन नायट्रो मारलं तर खालचा थर विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात, जोड दिसत नाही. पॉली एकदा कडक झालं की विरघळत नाही. वरचा थर वेगळाच बसतो आणि जुन्या-नव्याच्या हद्दीवर एक रेघ राहते.

ओळखायचं कसं? नेक बोल्टचा असेल तर तारा ढिल्या करा, मागचे चार स्क्रू काढा, आणि बॉडीच्या आत लपतो त्या टोकाला तपासा. कानातल्या काडीला आधी स्पिरीट लावून टेकवा. जागा चिकट झाली तर लाख आहे. नाही झाली तर दुसऱ्या काडीनं लॅकरचं थिनर. त्यानं मऊ पडलं तर नायट्रो. तरीही ढिम्म राहिलं तर पॉली. आपला हा नेक पॉलीचा निघाला.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपण सांगलीत राहतो. रंगाच्या दुकानात 'एनसी लॅकर' मागितलं की मिळतं ना, पॉलिशवाले दारं-कपाटांना मारतात ते? एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजच. त्यामुळं नायट्रोचा नेक असेल तर परदेशातून महागडा डबा मागवायलाच हवा असं नाही. मात्र मेलामाईन पॉलिश चुकूनही घेऊ नका. ते आपसात रासायनिक क्रिया होऊन कडक होतं, नायट्रोसारखं खालच्या थरात मिसळत नाही.

दुसरी गोष्ट मिरजेची. सतारमेकर गल्लीत जाऊन तंबोऱ्याचं पॉलिश होताना एकदा बघाच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण माझ्या मते खरं बघण्यासारखं आहे ते कारागिराचं मनगट. चपडी लाख स्पिरीटमध्ये विरघळवलेली, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळलेला, आणि हात थांबतच नाही. एका जागी क्षणभर जरी थांबला तरी खालचा थर ओढला जातो. इतके पातळ थर, की एकेक दिसतही नाही. गिटारच्या नेकला काहीही लावा, हात तसाच चालला पाहिजे.

मग नेकला नुसती लाखच का नको? तळहाताचा घाम आणि सॅनिटायझर. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, त्यानं लाख विरघळते. पण खालचा अस्तर म्हणून लाखेला तोड नाही. कुणी नेकला गाडीचं पॉलिश चोळलं असेल तर त्यातलं सिलिकॉन लाकडात बसतं आणि वरच्या लॅकरला बारीक बारीक खड्डे पडतात. मधे लाखेचा एक पातळ थर दिला की ते दबतं. फक्त एक करा. चपडीत मेण असतं, म्हणून द्रावण बाटलीत ठेवून निवळू द्या आणि वरचं स्वच्छ तेवढंच वापरा. मेणासकट लावलं तर वर पॉलियुरेथेन नीट धरत नाही.

आता या नेकचं काम. अख्खा नेक सोलायचा नाही. हेडस्टॉकवरचा, म्हणजे नेकच्या वरच्या टोकावरचा, लोगो आणि फिंगरबोर्डची कड मास्किंग टेपनं झाका. लायटरमध्ये भरायचं पेट्रोल कापडावर घेऊन मळ पुसा. मग 320 नंबरचा पॉलिश पेपर, कोरडा, दाण्याच्या दिशेनं, हलक्या हातानं.

(कॅमेरा हातावर)

जोर कुठं देतोय बघा. राखाडी पट्ट्यावर नाही, फिनिशच्या कडेवर. ती कड उतरती झाली पाहिजे, रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरचा उतार करतात तशी. नख फिरवा... आता टक् वाजत नाही. राखाडी डाग पूर्ण जाईपर्यंत घासायच्या नादी लागू नका. तो खोलवर गेलेला असतो, आणि अर्धा मिलिमीटर लाकूड गेलं तरी हाताला नेक वेगळा लागतो. थोडा डाग राहिला तर राहू दे. त्यानंतर 400, मग 600.

हा नेक पॉलीचा, वर नवं फिनिश मारलं तर रेघ राहील, म्हणून उघड्या लाकडाला आता तेल. टंग ऑइल, ट्रू-ऑइल, किंवा रंगाच्या दुकानातलं डबल बॉईल जवसाचं तेल. ही तेलं हवेतल्या ऑक्सिजननं घट्ट होतात. खोबरेल किंवा गोडेतेल कधीच घट्ट होत नाही. ते लावाल तर नेक कायमचा चिकट होईल आणि नंतर त्यावर दुसरं काहीही धरणार नाही. हे कळकळीनं सांगतोय, कारण घरात तेल समोरच असतं आणि हात तिकडंच जातो.

बोटाच्या टोकावर दोन थेंब घ्या, चोळून जिरवा, दहा मिनिटांनी कोरड्या कापडानं सगळं पुसून काढा. वर राहिलेलं तेलच चिकट होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तीन-चार पातळ हात पुरे, जवसाला मात्र मधे जास्त वेळ द्या. उरलेल्या चकचकीत पॉलीवर गाड्यांच्या रंगकामाच्या दुकानातलं राखाडी स्कॉच-ब्राइट फिरवा, म्हणजे सगळा नेक हाताला एकसारखा लागेल. भांड्यांचं हिरवं नको, ते फार खरखरीत. स्टील वूल वापरणार असाल तर नेक काढूनच वापरा, नाहीतर पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकाच्या पट्ट्यांवर, टेप लावा, कारण लोखंडाचा बारीक कीस चुंबकाला जाऊन चिकटतो.

आणि ही गोष्ट जिवाशी खेळ आहे. तेल पुसलेला बोळा चुरगळून केराच्या डब्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता सोडतं. चुरगळलेल्या कापडात ती अडकते आणि कापड आपोआप पेटतं. खरंच पेटतं. पाण्यात बुडवा, किंवा बाहेर सुटं पसरून वाळू द्या. थिनरचं काम असेल तर खिडक्या उघड्या, तोंडाला रसायनांच्या वाफेचा मास्क, आणि देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस सगळं बंद. वाफ जमिनीलगत पसरत दुसऱ्या खोलीतही जाते.

लॅकरचं काम पावसाळ्यात करूच नका. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि फिनिश पांढुरकं होतं. कृष्णाकाठच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर नक्कीच. दसरा ते होळी हा काळ चांगला. तेलाचं काम पावसाळ्यातही होतं, फक्त वाळायला वेळ लागतो.

शेवटचा हात दिल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, तारा चढवू नका आणि गिटार बॅगेत घालू नका. बॅगेच्या अस्तराचा ठसा ओल्या तेलावर उमटतो. हा नेक आता इथंच खुंटीला टांगतोय. पोराला पुढच्या रविवारी बोलावलंय. तारा त्याच्याच हातानं चढवून घेईन, म्हणजे चार स्क्रू किती आवळायचे तेही त्याला कळेल. लाकडाला घट्ट बसले की थांबायचं, त्यापुढं पीळ दिला तर भोकातले आटे खराब होतात.