डायोक्लेशियनने बसवलेली घडी

श्रोतेहो, इसवी सन 284 च्या नोव्हेंबरमध्ये इराणच्या मोहिमेवरून परतणारे रोमन सैन्य निकोमीडियाजवळ, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमितजवळ, आले तेव्हा त्यांच्यासोबत एक बंद पालखी होती. तरुण सम्राट न्यूमेरियनचे डोळे दुखत आहेत, म्हणून तो बाहेर येत नाही, असे सैनिकांना सांगितले जात होते. पण पालखीतून दुर्गंधी येऊ लागली आणि तो मरण पावल्याचे उघड झाले. 20 नोव्हेंबरला डायोक्लीस नावाच्या अधिकाऱ्याने, आपला या मृत्यूशी संबंध नाही अशी सूर्याच्या साक्षीने शपथ घेऊन, न्यूमेरियनचा सासरा एपर याला दोषी ठरवले आणि सैन्यादेखत स्वतःच्या हाताने ठार केले. डाल्मेशियातील एका सामान्य घरात जन्मलेला हा माणूस त्याच दिवशी सम्राट झाला. हाच डायोक्लेशियन.

त्याआधीच्या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट होऊन गेले होते आणि त्यांतील बहुतेकांचा शेवट स्वकीयांच्याच तलवारीने झाला होता. एवढ्या विस्ताराच्या राज्याला सम्राट एकच, आणि ज्या सरहद्दीवर तो नसेल तिथले सैन्य आपला नवा सम्राट उभा करणार, हे दुखण्याचे मूळ डायोक्लेशियनने अचूक ओळखले. 286 मध्ये त्याने आपला जुना सहकारी मॅक्झिमियन याला बरोबरीचा ऑगस्टस, म्हणजे थोरला सम्राट, केले आणि 293 मध्ये दोघांच्या हाताखाली कॉन्स्टँशियस व गॅलेरियस हे दोन सीझर, म्हणजे धाकटे सम्राट, नेमले. मदतनीस तेच, आणि पुढचे वारसही तेच. या चौघांचा लालसर पोर्फिरी दगडातील शिल्पसमूह आज व्हेनिसमध्ये सेंट मार्कच्या चर्चला लागून आहे. त्यात जोडीजोडीने आलिंगन देऊन उभ्या असलेल्या चौघांचे चेहरे मुद्दाम सारखे घडवले आहेत. माझ्या मते त्याचे राजकारण याहून नेमकेपणाने कुठेच दिसत नाही: व्यक्ती कोणतीही असो, पद टिकले पाहिजे.

सैन्य वाढले, प्रांत जवळपास दुप्पट झाले, करांची नवी आकारणी झाली. तरी नाण्यांवरचा विश्वास उडालेला होता आणि भाव चढतच होते. तेव्हा 301 मध्ये त्याने हजाराहून अधिक वस्तूंच्या आणि कामांच्या कमाल दरांचे आज्ञापत्र काढले. शेतमजुराला जेवणासह रोजचे 25 दिनार, न्हाव्याला माणशी 2, लिहायवाचायला शिकवणाऱ्या पंतोजीला दर मुलामागे महिन्याला 50, आणि खटला चालवणाऱ्या वकिलाला 1000! आखाड्यासाठीचा उत्तम सिंह दीड लाख दिनारांना, आणि जांभळ्या रंगातले एक रोमन रत्तल रेशीमही तेवढ्यालाच. जास्त भाव घेणाऱ्याला मृत्युदंड सांगितला होता. त्या काळच्या साध्या माणसाच्या संसाराचा एवढा तपशील देणारे दुसरे साधन मिळणे कठीण, म्हणून हे दरपत्रक मला फार मोलाचे वाटते. सैनिकाचा पगार एका खरेदीत संपतो, ही प्रस्तावनेतील तक्रारही मला मनापासून केलेली वाटते. पण त्याचा कट्टर विरोधक, ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस सांगतो की माल बाजारातून नाहीसा झाला, किरकोळ वस्तूंवरून रक्त सांडले आणि शेवटी हुकूम गुंडाळावा लागला.

बाजार हुकमाने चालत नाही हे कळूनही त्याने श्रद्धेवर हुकूम चालवला, हा त्याच्या कारकिर्दीवरचा सर्वांत मोठा डाग आहे. फेब्रुवारी 303 मध्ये निकोमीडियातील चर्च पाडले गेले, धर्मग्रंथ जाळण्याची आज्ञा सुटली आणि पूर्वेकडील प्रांतांत छळाला सुमार राहिला नाही. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती आजही आपले वर्ष 284 पासून मोजतात आणि त्या कालगणनेला हुतात्म्यांचा शक म्हणतात.

मोठ्या दुखण्यातून उठल्यावर 1 मे 305 रोजी, निकोमीडियाबाहेर सैन्यासमोर, डायोक्लेशियनने राजवस्त्र उतरवले; त्याच दिवशी मॅक्झिमियननेही मिलानमध्ये पद सोडले. ठरल्याप्रमाणे सीझर ऑगस्टस झाले. मात्र नवे सीझर निवडताना कॉन्स्टँशियसचा मुलगा कॉन्स्टंटाइन आणि मॅक्झिमियनचा मुलगा मॅक्सेंशियस या दोघांनाही डावलले गेले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील यॉर्क येथे कॉन्स्टँशियस वारला आणि तिथल्या सैन्याने त्याच्या मुलाचा जयजयकार केला. सैनिकांना बापानंतर मुलगा हवा होता. स्वतःला मुलगा नसलेल्या डायोक्लेशियनने ही ओढ हिशेबातच धरली नव्हती, असे मला वाटते.

तो मात्र आजच्या क्रोएशियातील स्प्लिट येथे, समुद्रकाठच्या आपल्या तटबंद प्रासादात राहत होता. पुन्हा सत्ता हाती घ्या, अशी गळ घातली गेली तेव्हा, मी माझ्या हातांनी लावलेले कोबीचे गड्डे पाहिलेत तर असे म्हणणार नाही, या अर्थाचे उत्तर त्याने दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. तिच्यातले समाधान खरे असेलही, पण ते शेवटपर्यंत टिकले नाही. त्याची एकुलती एक मुलगी व्हॅलेरिया ही गॅलेरियसची पत्नी. पती वारल्यावर नवा सत्ताधीश मॅक्झिमिनस दाया याच्याशी लग्नाला तिने नकार दिला, म्हणून त्याने तिला आई प्रिस्कासह हद्दपार केले. मुलीला माझ्याकडे पाठवा, अशी विनंती म्हाताऱ्या डायोक्लेशियनने पुन्हा पुन्हा केली, असे लॅक्टँशियस लिहितो, आणि ती दर वेळी फेटाळली गेली. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच, पूर्वेचा नवा सम्राट लिसिनियस याच्या हुकमाने, थेसालोनिकीत त्या मायलेकींचा शिरच्छेद झाला आणि त्यांची प्रेते समुद्रात टाकण्यात आली.