समुद्रात सोडलेल्या पिल्लांचं पुढे होतं काय?

[तळहातावर जिऱ्याचे चार दाणे, कॅमेरा अगदी जवळ]

माशाच्या कोवळ्या पिल्लांना मराठीत मत्स्यजिरे म्हणतात. नावच बोलकं आहे. कॉड माशाचं अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू साधारण ४ मिलिमीटरचं, म्हणजे या दाण्याएवढंच. नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर डॅनेविग नावाच्या कप्तानानं १८८०च्या दशकात अशी पिल्लं उबवून समुद्रात सोडायला सुरुवात केली. एकेका वर्षी कोट्यवधी. हे काम १९७१पर्यंत चाललं. आणि त्यामुळे कॉड वाढला, असा पुरावा काही मिळाला नाही.

नमस्कार मंडळी. किनाऱ्यावरचे मासे कमी झाले की हॅचरी, म्हणजे उबवणी केंद्र काढा, पिल्लं सोडा, हा उपाय लगेच सुचतो. मलाही तो आवडतो. पण बातमीत आकडा येतो तो सोडलेल्या पिल्लांचा. जगली किती, हे विचारायचं राहून जातं.

डॅनेविगचा विचार त्या काळी रास्तच होता. कॉडची मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. तिच्या अख्ख्या आयुष्यातली दोन पिल्लं मोठी होऊन वीण करू लागली, तरी आईबापांची जागा भरते. बाकीची जवळजवळ सगळी मरतात. पण कधी? अंड्यातच मरत असतील, तर उबवणी केंद्र रामबाण ठरलं असतं. पण पिल्लासोबत बलकाची जी शिदोरी असते, ती काही दिवसांत संपते. त्यानंतर तोंडात मावेल असं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, त्याच वेळी, त्याच जागी सापडावं लागतं. खरी कत्तल तिथून पुढे असते. आणि केंद्र पिल्लाला नेमकं त्याच उंबरठ्यावर सोडून मागे फिरत होतं.

म्हणून हल्ली पिल्लं बोटुकली, म्हणजे बोटाएवढी होईपर्यंत टाकीत वाढवतात. हे फार निगुतीचं काम आहे. बहुतेक समुद्री माशांच्या पिल्लांचं तोंड इतकं लहान असतं की सुरुवातीला कोरडं खाद्य चालतच नाही. आधी सूक्ष्म शेवाळ वाढवायचं, त्या शेवाळावर रोटिफर नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव पोसायचे, मग आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची पिल्लं द्यायची, आणि त्यानंतर हळूहळू कोरड्या खाद्याची सवय लावायची. रोटिफरचं पीक एक दिवस बसलं, की टाकीतली पिल्लं उपाशी.

एवढं करूनही ते पिल्लू टाकीच्याच जगात शहाणं झालेलं असतं. जपानमध्ये हिरामे हा लेपीसारखा चपटा मासा असा वाढवून सोडतात. निसर्गात वाढलेलं हिरामे तळाच्या वाळूत अंग पुरून बसतं, भक्ष्यावर झेपावतं आणि लगेच परत तळ गाठतं. टाकीतलं पिल्लू मात्र पाण्यात वर जास्त वेळ रेंगाळतं, आणि मोठ्या माशांना आयतं सापडतं. (टाकीत वाढलेल्या हिरामेच्या पांढऱ्या पोटाकडच्या बाजूवर बरेचदा काळे डाग राहतात. बाजारात मासा उलटा केला की त्याचं बालपण कुठे गेलं ते ओळखू येतं!)

मग सोडायचं कधी, केवढं, कुठे? हवाईतल्या कानेओहे उपसागरात हे पद्धतशीर तपासलं गेलं. बोय माशाच्या पिल्लांना खुणेची बारीक तार टोचून ती वेगवेगळ्या आकाराची, वेगवेगळ्या ऋतूंत सोडली. जंगली पिल्लं ज्या आकाराची असतात त्याच आकाराची पिल्लं वसंतात सोडली, तर लहानही टिकली. उन्हाळ्यात सोडलेल्या लहान पिल्लांपैकी फारच थोडी पुन्हा सापडली. मासा तोच, टाकी तीच, फक्त वेळ चुकली.

कॅलिफोर्नियात व्हाइट सीबास या माशाच्या पिल्लांच्या गालात अशीच तार असते. पकडलेल्या माशांची डोकी तपासणीसाठी द्या, असं गळ टाकणाऱ्यांना सांगितलं जातं. २० लाखांहून जास्त पिल्लं सोडल्यावर हिशेब केला, तर पकडीतला त्यांचा वाटा १ टक्क्याहूनही कमी निघाला. निकाल कडू आहे, पण या लोकांबद्दल मला आदर वाटतो. त्यांनी मोजलं. खूण न करता सोडलेल्या पिल्लांचं यश कुणीही सांगावं आणि कुणीही नाकारावं.

आणि पिल्लांची वाढण्याची जागाच, म्हणजे खाडीतलं समुद्री गवत किंवा कांदळवन, उरली नसेल, तर नवी पिल्लं जुन्यांच्याच तोंडचा घास काढतात. मासेमारीला लगाम नसेल, तर ती मोठी व्हायच्या आत जाळ्यात येतात.

मग हे कुठे जमलंच नाही का? जमलंय. जपानमध्येच, होक्काइदोच्या किनाऱ्यावर, पण माशात नाही, स्कॅलप या शिंपल्यात. तिथे मच्छीमारांच्या सहकारी संस्था समुद्रतळाचे वाटे पाडतात. दरवर्षी एका वाट्यात बीज, म्हणजे लहान शिंपले पेरतात आणि काही वर्षांनी तोच वाटा काढतात. तळावर हक्क त्यांचा, शिंपला फार लांब जाणारा नव्हे, म्हणून पेरणाऱ्याच्याच हाती पीक लागतं. आणि बीज टाकण्याआधी बोटी तळ खरवडून शिंपले खाणारे तारामासे गोळा करतात. आधी ती साफसफाई, मग पेरणी.