मुंबईची क्वीनी

नमस्कार श्रोतेहो.

आज हॉलिवूडच्या एका जुन्या नटीची गोष्ट सांगणार आहे. तिचा जन्म आपल्या मुंबईतला, 19 फेब्रुवारी 1911 चा. त्याच वर्षी डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. गेटवे ऑफ इंडिया त्याचीच आठवण. घरी या मुलीला लाडानं क्वीनी म्हणत. पडद्यावर तिचं नाव झालं मर्ल ओबेरॉन. आणि हीच मर्ल जगाला सांगत राहिली, की माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा.

क्वीनी अँग्लो-इंडियन घरातली. तिला वाढवलं शार्लट सेल्बी यांनी. शार्लट मूळच्या सिलोनच्या. क्वीनी त्यांना आई म्हणायची, पण नात्यानं त्या तिची आजी होत्या. त्यांची मुलगी कॉन्स्टन्स अगदी कोवळ्या वयात बाळंत झाली, म्हणून बाळाला शार्लटनंच पोटची पोर म्हणून सांभाळलं. क्वीनी लहान असतानाच दोघी कलकत्त्याला गेल्या. तिथे मोठी झाल्यावर तिनं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, हौशी नाटकांत कामं केली आणि विशीच्या आत युरोप गाठला.

लंडनमध्ये अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याची नजर तिच्यावर पडली. 1933 मध्ये 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' या चित्रपटात ती राजाची राणी अ‍ॅन बोलिन झाली. काम लहानसंच, पण लोकांच्या लक्षात राहिलं. टास्मानियाची कहाणी याच काळात रचली गेली. तिला खोटारडी म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्या वेळी अमेरिकेच्या कायद्यानं हिंदी माणसाला नागरिकत्व मिळत नव्हतं, आणि तिथल्या चित्रपटांच्या आचारसंहितेत गोऱ्या-काळ्यांचं प्रेम दाखवायलाच बंदी होती. खरं बोलली असती, तर नायिकेचं काम तिला कोण देणार होतं? दुसरी नटी व्हिव्हियन ली, तिचा जन्मही हिंदुस्थानातलाच, दार्जिलिंगचा. पण तिला तो लपवावा लागला नाही. 1939 च्या 'वुदरिंग हाइट्स' चित्रपटातली नायिका कॅथी व्हिव्हियनला हवी होती. ती मिळाली मर्लला. त्याआधी 1935 च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं.

पण मला राहून राहून आठवतात त्या शार्लट. त्या मर्लसोबत लंडनला राहत होत्या. पाहुणे आले, की सावळ्या रंगाच्या या बाई घरातल्या मोलकरीण म्हणून ओळखल्या जात. जिनं हातावर वाढवलं, ती माउली त्याच घरात चहाचा ट्रे घेऊन पाहुण्यांपुढे येते, आणि लेक तिला सगळ्यांदेखत आई म्हणू शकत नाही! 1937 मध्ये शार्लट गेल्या. पुढे मर्लनं एका फोटोवरून त्यांचं मोठं तैलचित्र काढून घेतलं. चित्रकाराला सांगितलं, रंग उजळ करा. चित्रातल्या शार्लट गोऱ्या आहेत. ते चित्र तिनं घरात लावलं. तिची माया खोटी होती असं मला मुळीच वाटत नाही. मायेलाही रंग बदलूनच भिंतीवर यावं लागलं, याचं वाईट वाटतं.

त्याच 1937 मध्ये मोटारीच्या अपघातात तिच्या चेहऱ्याला जखमा झाल्या. पुढे औषधाच्या आणि प्रसाधनांच्या रिअ‍ॅक्शननं कातडी आणखी बिघडली. लुसियन बॅलार्ड हे कॅमेरामन, नंतर तिचे पती झाले. त्यांनी एक छोटा दिवा कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी खेटून बसवला. उजेड बाजूनं पडला, की प्रत्येक खड्ड्याला, व्रणाला सावली येते. तो समोरून, भिंगाच्या रेषेतून आला, की ती सावली पुसली जाते आणि चेहरा नितळ दिसतो. त्या दिव्याला तिच्याच नावावरून 'ओबी' म्हणतात. कॅमेरामन मंडळी आजही तो शब्द वापरतात.

1978 मध्ये टास्मानियातल्या होबार्ट शहरानं आपल्या गावची लेक म्हणून तिचा सत्कार ठेवला. ती गेली, आणि तब्येत बरी नाही म्हणून कार्यक्रमातून निघून आली. वर्षभरानं, 23 नोव्हेंबर 1979 ला, कॅलिफोर्नियात मालिबूला पक्षाघाताच्या झटक्यानं तिचं निधन झालं. वय 68. चार वर्षांनी चरित्र आलं आणि मुंबईचा जन्म जगाला कळला.

एका माणसाला मात्र तो आधीपासून ठाऊक होता. तो कॉन्स्टन्सचा मुलगा. मर्लला मावशी समजूनच तो मोठा झाला होता. मुंबईत त्याच्या हाती तिचा जन्मदाखला लागला. त्यावर आईचं नाव होतं, कॉन्स्टन्स. मावशी नव्हे, ती त्याची बहीण होती. तो तिला भेटायला लॉस एंजलिसला गेला. तिनं भेट नाकारली. पुढे चरित्रकार त्याच्याकडे आले, तेव्हाही त्यानं आपल्या आईची आणि बहिणीची ती गोष्ट त्यांना सांगितली नाही.

नमस्कार.